तिसऱ्या कडव्याची उशी

नाई, पन मले एक सांगा राजेहो, मानसाचं आंग ज्यानं कोनं बनवलं असन, त्याले जरा इचार करून बनवाले काय झालतं? गान्याचा जोर पोटातून, खोकल्याचा जोर पोटातून, पोतं उचललं त जोर पोटातून, अन् लघवीचं कुलूप कुठी लावलं? त त्याच पोटाच्या बुडाशी! वरून दाबलं का खालून निघालं... हे मानूस झालं का पिचकारी झाली? अन् बरं, हे दुखनं याव त कोनाच्या वाट्याले याव? गावात एवढे मुके-घुमे हायेत, दिवसभर ओट्यावर बसते अन् तोंडातून अक्षर काढत नाईत, त्याईच्या वाट्याले नाई आलं. आलं ते आमच्या दौलतरावच्या. मेडशीच्या गायन पार्टीचा म्होरक्या, ज्याचा आवाज भोंग्याबिगर पलीकडच्या वावरात जाये, त्याच्या. आता मानसानं गावं का धरावं, तुमीच सांगा.

तुमाले सांगतो, सुरुवात झाली एका गाठीपासून. आनीबानीचे दिवस होते. बुढ्या मानसाले लघवीच्या तोंडाशी एक गाठ फुगते, प्रोस्टेट म्हनते तिले डॉक्टर लोक, ते दौलतरावची फुगली अन् वाटच बंद झाली. मोठ्या दवाखान्यात नेलं, गाठ काढली, धार लागली, सारे खुश. पन गावात काय बातमी पसरली असन? ते दिवसच तसे होते ना, कोनी दवाखान्यातून पाय फाकवत आला का लोक समजून जात. बाया म्हनत, अवं, साठीच्या मानसालेही सोडलं नाई नसबंदीवाल्यायनं. भेटाले येनारे हळूच कानाशी लागून इचारत, काय भेटलं दौलतराव, तुपाचा डबा भेटला का घड्याळ? तो बिचारा सांगे का बापा, गाठ होती, गाठ. लोक मान हालवत, हो हो म्हनत, अन् अंगनातून भाईर निघाले का खो खो हासत.

अन् इकडे खरी गोठ भलतीच होती. धार सुरू झाली ते झाली, पन आता बंद कोन करन? बसला त कोरडा, झोपला त कोरडा. उठला का थेंब, खोकलला का घोट, अन् शिंकला का गेलं सारं कामातून. विमलबाई, म्हंजे त्याची बायको, मिरचीची फोडनी द्याच्या आंधी घरातून आवाज देये, का अवो, भाईर जा. जुन्या लुगड्याच्या घड्या करकरून तिनं त्याले लंगोट शिवून देल्ले, एवढे जाड, का धोतराखाली मानूस बदकासारका चाले. पानठेल्यावर जानं त्यानं सोडलं, काहून का तथी लोक हासवते. हासाची चोरी, खोकलाची चोरी, बैल उधळला त हाक माराची चोरी. बैलाले हाक न मारता कसं थांबवाव, हे शिकला मानूस साठाव्या वर्षी.

अन् गानं? त्याची त गोठच नोका करू. दौलतरावनं सोता जोडलेलं एक गानं हाये, ‘जागा हो गड्या, जागा हो.’ पयलं कडवं साधं, दुसरं जरासं चढतं, अन् तिसऱ्या कडव्याच्या शेवटी तो जो ‘हो’ धरते ना... एक हात कानावर, मान वर, डोळे बंद, अन् ‘होऽऽऽ’ असा जाते तो सूर, का पोट्टे खेळनं सोडते अन् म्हशी मान वळवते. लोक त्या एका ‘हो’ साठी चार-चार कोस बैलबंड्या जुतून येत. आता एवढा जोर लावल्यावर खाली काय होत असन, हे मी तुमाले सांगाव का?

एका घरी नामकरन होतं, पौषाची थंडी, लोक घोंगड्या पांघरून बसलेले. तिसरं कडवं आलं, यानं ‘हो’ धरला, अन् धरल्या धरल्या याले समजलं का आता लंगोट काई पुरत नाई. मंग त्यानं काय केलं? बाजूचा भरलेला तांब्या उचलला अन् भर सभेत डोक्यावर उलटा केला! म्हने, लय गरम होऊन राह्यलं. पौषात बरं! पन लोक काय म्हनले? लोक म्हनले, वा, काय तल्लीन झाला मानूस. मंग ते रीतच पडून गेली. जथं दौलतरावचं गानं, तथी घरधनी आंधीच थंड्या पान्याची बाल्टी आनून ठेवे. रोज गार पानी, त मंग सर्दी. सर्दी त शिंका. अन् शिंक आली का... समजलं ना? आता मानसानं गावं का धरावं?

आखरीले त्यानं धरलं. म्हंजे गानंच सोडलं. जयंती आली, बाबासाहेबांची जयंती, जे आमच्यासाठी वर्षाचा सन असते, अन् त्या दिवशी दौलतरावनं सांगलं का घसा बसला. ढोलकीवाला देवमन, त्याचा लहानपनचा दोस्त, त्यानं एकट्यानं कसंतरी निभावून नेलं. पन एक वर्ष घसा बसते, दोन वर्ष कसा बसन? उकंडराव आमच्या जयंती कमिटीचा अध्यक्ष, त्यानं सभेत तोंडावर म्हनलं का दौलतरावचं आता वय झालं, पुढच्या सालापासून बाजूच्या मालेगावच्या पार्टीले सांगून टाकू, त्याईच्यापाशी बेंजो हाये. बेंजो! दौलतराव तथी होता. उठून काई बोलला नाई, काहून का उठलं का थेंब. बसल्या बसल्या आयकून घेतलं, अन् सारे गेल्यावर उठला. त्या दिवसापासून तो घरातही बोलेनासा झाला. जेवाले बस म्हनलं त बसे, उठ म्हनलं त उठे. विमलबाई देवमनपाशी येऊन रडली का भाऊ, बुढा ओला होता ते मी धुत होती, आता मुका झाला, याले मी काय करू?

देवमनचा एक पाहुना नागपूरच्या दवाखान्यात वॉर्डबॉय. त्याच्याकून समजलं का तथी एक सैफुद्दीन नावाचे डॉक्टर हायेत, आपल्या वाशीमच्याच कापडवाल्याचे, परदेशातून शिकून आले, अन् गळनाऱ्या मानसाले नवीनच काई बसवते. झालं! तिघंही निघाले. दौलतराव, विमलबाई अन् देवमन. मेडशी ते अकोला एस.टी., पुढं नागपूरलोक रेल्वे, अन् एस.टी.चा तो रस्ता तुमाले ठाऊकच हाये. एक एक खड्डा एक एक शिंकीच्या बरोबरीचा. कंडक्टर तिकीट फाडाले आला अन् खाली पाहून म्हने, कोनाचा तांब्या सांडला? विमलबाईनं निवांत सांगलं, माह्या. बाईची जात, काय काय झाकते पाहा.

डॉक्टर सैफुद्दीन म्हंजे सोन्यासारका मानूस. बोलाले अर्धं हिंदी, अर्धं आपलंच. त्यायनं समजावून सांगलं का काका, गाठ निघाली तवा त्याच्यासंग नळीचं झाकन ढिलं झालं, होते कोना-कोनाचं. आपन असं करू, का खाली, नळीच्या मांगं, एक बारकीशी रबरी उशी बसवू. तिच्यात सुईनं पानी भरता येते. भरलं का उशी फुगन, नळी दाबन, गळनं बंद. जास्त झालं त सुईनंच काढून घ्याचं. दौलतरावले साठ वर्षं डोक्याखालची उशी ठाऊक, आता हे कोनती नवीन उशी? देवमननं आपली शंका इचारली का साहेब, सायकलच्या ट्यूबसारकी हवा भरता का, अन् पंक्चर झालं त? डॉक्टर साहेब म्हनले, पंक्चर झालं त तुमी हायेच ना.

बसवली उशी. टाके वाळले, जखम भरली, अन् मंग आली खरी परीक्षेची येळ. पोटात भरपूर पानी, धोतर वर, डॉक्टर साहेब समोर स्टुलावर सुई घेऊन बसलेले, अन् त्यायनं म्हनलं का काका, आता खोकला, जोरात खोकला. आता इथंच घोळ झाला राजेहो. तुमाले आपल्याकडची रीत ठाऊक हाये. मोठ्या मानसाम्होरं, शिकलेल्या मानसाम्होरं, आपन खोकलतो कधी? खोकला आला त भाईर जातो, नाई जाता आलं त तोंडावर दुपट्टा घेतो अन् आतल्या आत गिळतो. हे त परदेशातून आलेले डॉक्टर, अन् वरून स्टुलावर, म्हंजे तोंड यांचं नेमकं... जाऊ द्या. दौलतरावनं दुपट्ट्याचा शेव तोंडावर धरला, मान बाजूले केली, अन् नव्या नवरीनं खोकलाव तसा खोकलला. खुक्. डॉक्टर म्हनले, अजून जोरात. हा पुन्हा खुक्. डॉक्टरनं वाकून पाह्यलं, एक थेंब नाई. इचारलं, गळते का? त हा हात जोडून म्हनते, नाई साहेब, तुमच्या हातानं लय बेस हाये. डॉक्टरले वाटलं, झालं काम, सुईची गरजच नाई. त्यायनं त्या खुकावर उशी ठरवून टाकली अन् याईले घरी धाडून देल्लं.

घरी आला, अन् पयल्याच दिवशी बैल उधळला. यानं खुशीत येऊन हाक मारली... अन् धोतर पुन्हा तथीच. विहारात देवमनसंग तालीम कराले बसला, पयल्या कडव्यातच उठला. आता मात्र तो खचला. म्हने, नागपूरलेही आपलं औषध नाई. जयंती तोंडावर आली, उकंडरावनं मालेगावच्या पार्टीले निरोप धाडाले मानूस तयार ठेवलेला, अन् हा भितीकडे तोंड करून पडलेला. विमलबाईनं काय केलं? तिनं पदर खोचला, याले उठवलं, देवमनले आवाज देल्ला, अन् पुन्हा एस.टी. पुन्हा तेच खड्डे. डॉक्टरम्होरं दौलतराव पुन्हा दुपट्टा तोंडाशी नेऊन राह्यला, त तिनं तो दुपट्टाच वढून घेतला.

“साहेब, हा मानूस तुमच्याम्होरं खोकललाच नाई,” ते म्हनली. “अदबीनं खोकलला. घरी खोकलते त वळचनीच्या चिमन्या उडते. याले खोकला नोका लावू, याले गाले लावा. तिसरं कडवं म्हनाले लावा अन् मंग पाहा.”

डॉक्टर हासले नाईत. त्यायनं उलटं कपाळाले हात लावला, म्हनले, अम्मा, हे मले पयलेच कोनी सांगाले पाह्यजे होतं. अन् मंग तो देखावा झाला राजेहो, जो मी मरेलोक इसरनार नाई... म्हंजे मी नव्हतो, देवमननं मले शंभरदा सांगला, पन मी होतोच समजा! झोपून गानं निघे ना म्हनून दौलतराव उभा. एक हात कानावर, दुसऱ्या हातात धोतर. देवमनपाशी ढोलकी नाई, त त्यानं सिस्टरच्या हातातला लोखंडी ट्रे घेऊन त्याच्यावर ठेका धरला. सिस्टर ख्रिश्चन, ते गळ्यातला क्रॉस धरून उभी. अन् डॉक्टर सैफुद्दीन साहेब, परदेशातून शिकून आलेले, दौलतरावच्या समोर गुडघ्यावर, हातात टॉर्च, डोळ्यावर चष्मा.

पयलं कडवं, कोरडं. दुसरं कडवं, एक-दोन थेंब. तिसरं कडवं आलं, अन् अदबगिदब सारी इसरून यानं ‘होऽऽऽ’ जो सोडला... डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, म्हनले, समझ गया. झोपवलं, सुई टोचली, उशीत पानी भरलं, उभं केलं, गा. पुन्हा चष्मा पुसला. पुन्हा झोपवलं, पुन्हा टोचलं, पुन्हा उभं. तवरोक दारात सारा वॉर्ड जमा झालता. कोनी हातात सलाइनची बाटली घेऊन, कोनी कुबडीवर, अन् कडवं संपलं का टाळ्या वाजवत, का अजून एक डाव होऊ द्या. आता याले कोन सांगन का अजून एक डाव म्हंजे डॉक्टरच्या चष्म्याचं काय होते! पन आखरीले एक डाव असा आला, का ‘हो’ पूर्ण गेला, वर गेला, तथी थांबला, वॉर्डातले लोक श्वास धरून उभे... अन् खाली टॉर्चच्या उजेडात एक थेंब नाई. डॉक्टर गुडघ्यावरून उठले नाईत लवकर. मंग त्यायनं दौलतरावले बसवलं अन् समोर बसून बोलले.

“काका, सुनो. ही उशी आता तुमच्या त्या सुराले ठरवली हाये. तेवढा जोर लावा, काई येनार नाई. पन मंग लघवीले जाल तवा त्याच्याहून जास्त जोर लागन. नाई झाली त तसंच इकडे या. सैल करून द्या म्हनाल त देतो, जानं-येनं सुखाचं होईन, पन गानं भिजन. दोन्ही मिळनार नाई. सोचके बोलो.”

आता मानसानं गावं का धरावं... इतके दिवस आपन गमतीनं म्हनून राह्यलो, अन् इथी डॉक्टरनं तेच इचारलं. दौलतरावनं विमलबाईकडे पाह्यलं. तिले काई इचाराच लागलं नाई. ते डॉक्टरले म्हनली, “राहू द्या साहेब असंच. गानं बंद झाल्यापासून हा घरात बोलला नाई. बाकीचं आमी पाहून घेऊ.”

जयंतीच्या दिवशी सांजच्या पारी विहारासमोर मंडप, गॅसबत्त्या टांगलेल्या, भोंगा बॅटरीवर जोडलेला. देवमननं हात जोडून निरोप थांबवला म्हनून मालेगावची पार्टी नाई, बेंजो नाई, उकंडराव पयल्या रांगेत घुश्यात बसलेला, का हे आता काय करते पाहू. दौलतराव पांढरंशुभ्र धोतर नेसून उभा राह्यला, लंगोट नाई, काई नाई. अन् बाजूले कोनी बाल्टी आनून ठेवली होती, ते त्यानं सोता उचलून मंडपाभाईर ठेवली. पयलं कडवं झालं, दुसरं झालं. विमलबाई बायाइच्या बाजूले बसलेली, सारे लोक त्याच्या तोंडाकडे पाहून राह्यले होते, अन् ते एकटी त्याच्या धोतराकडे. तिसरं कडवं आलं. हात कानावर गेला. ‘होऽऽऽ’... काय सांगू तुमाले. दोन वर्षांचं सारं त्याच्यात होतं. गॅसबत्तीच्या उजेडात धोतर जसंच्या तसं पांढरं. विमलबाईनं पदर तोंडावर घेतला अन् मोकळी रडली. बाजूच्या बाया म्हनल्या, किती भाव हाये हिच्या मनात गान्याबद्दल.

मंग काय, लोकायनं डोक्यावर घेतलं. उकंडराव सोता उठून गळ्यात पडला. याच्या घरून चहा, त्याच्या घरून चहा, कोनी सरबत आनलं, कोनी ताक. नाई म्हनन त दौलतराव कसला, दोन वर्षांचा उपाशी मानूस, सारं पेला. अन् मंग हळूच उठला, नाल्याकाठच्या बाभळीमांगं गेला.

गेला तो येईच ना. इकडे लोक दुसऱ्या गान्यासाठी खोळंबलेले. देवमन पाहाले गेला, त हा बाभळीले हात टेकून उभा, तोंड लाल, कपाळावर घाम, अन् खाली काईच नाई. जोर लावून राह्यला, कुथून राह्यला, नाई. देवमन घाबरला, म्हने दौल्या, नागपूरची गाडी सकाळशिवाय नाई, एक काम कर, गाऊन पाह्य. यानं तथीच ‘हो’ लावला. पन त्या सुराले त उशी ठरवलेली, तो कसा सोडन? थेंब नाई. पुन्हा लावला, नाई. पोट फुटाची येळ आली, अन् मंग जीव जाते म्हनून दौलतराव वर गेला राजेहो. त्या ‘हो’ च्याही वर! जथं तो चाळीस वर्षांत कधी गेला नव्हता, जथं आपल्याले जाता येते हे त्याले सोताले ठाऊक नव्हतं. अन् तथी बाबासाहेबांचं नाव नाई घेतलं, गान्याचा शब्द नाई घेतला, तेवढी शरम मानसाले हाये, नुसता ‘आऽऽऽऽ’... अन् सूर लागला, अन् धार लागली, दोन्ही संगच. देवमन सांगते का दौल्याचे डोळे बंद, गालावरून पानी, अन् मी ढोलकीवाला मानूस, मले समजे ना का याच्या पाया पडू का बाजूले सरकू.

इकडे मंडपात साऱ्यायनं तो सूर आयकला. मंग एकदम टाळ्या. दौलतराव धोतर नीट करत आला, त उकंडराव भोंगा हातात घेऊन उभा, का हा सूर इथी पाह्यजे, आत्ताच्या आत्ता पाह्यजे. दौलतरावनं हात जोडले.

आता काय, दोन्ही चालू हाये. मंचावर तिसरं कडवं कोरडं ठनठनीत जाते, अन् पहाटंपहाटं नाल्याकडून तो वरचा सूर येते. मालेगावची बेंजोवाली पार्टी एकदा मुद्दाम मुक्कामाले आली, घोंगड्या पांघरून बांधावर बसली, अन् त्यांच्या म्होरक्यानं आयकून कान पकडले. दिवस उगवल्यावर त्यानं दौलतरावचे पाय धरले, का दादा, हा सूर मंचावर काहून लावत नाई, दुनिया आयकन, नाव होईन. दौलतरावनं त्याले उठवलं. तो सूर दौलतरावले साऱ्या जिंदगीत भेटला नव्हता अन् आता रोज भेटते, हे त्याले कोनाले सांगता येत नाई. मंग त्या म्होरक्याच्या पाठीवर हात ठेवून म्हनला,

“नाई बापा. त्या सुराले बाभूळच लागते.”